जेलभरो करणाऱ्यांची पोरं आज अटकेला का घाबरतात?

६ डिसेंबर १९६४. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला आठ वर्षं झाली होती. त्या दिवशी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. मागण्या साध्या होत्या. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, कसेल त्याला जमीन द्या, किमान वेतनाची अंमलबजावणी करा, धान्याचे भाव आवरा, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. १० फेब्रुवारी १९६५ पर्यंत हा सत्याग्रह चालला आणि तीन लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला अटक करवून घेतली. कडेवर लेकरं घेऊन बाया तुरुंगात गेल्या, हे गावोगावचे जुने लोक आजही सांगतात. तुरुंग अपुरे पडले. सरकारला बोलणी करावी लागली. लोक घरी परतले आणि पुन्हा मजुरीला लागले.

हे सगळं घडलं तेव्हा देशात आणीबाणी लागू होती, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७५ ची नव्हे, त्याआधीची. चीन युद्धाच्या वेळी १९६२ मध्ये लागलेली ती आणीबाणी १९६८ पर्यंत उठली नव्हती. सरकारच्या हातात भारत संरक्षण कायदा होता, आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस कम्युनिस्ट पुढाऱ्यांना त्याखाली देशभर उचललंही गेलं. तरीही तीन लाख भूमिहीन तुरुंगात गेले आणि काही आठवड्यांत बाहेर आले.

आज आमच्या वस्तीतला बी.ए.ला असलेला मुलगा मोर्चाला यायच्या आधी विचारतो, "दादा, केस लागली तर पोलीस भरतीचं काय? चारित्र्य पडताळणीत येईल का? यूएपीए लावत नाहीत ना?" त्याचे आजोबा कदाचित १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले असतील. मग नातू भित्रा निघाला का? आमच्या मते नाही. मधल्या काळात 'अटक' या शब्दाचा अर्थच कायद्याने बदलून टाकला. हा लेख त्या बदलाचा इतिहास आहे.

जेलभरो हे आंदोलन एका गृहीतकावर उभं असतं. मी कायदा मोडीन, तुम्ही मला पकडाल, मी चार दिवसांनी, महिन्याने बाहेर येईन आणि त्या दिवसांत माझा प्रश्न गावाच्या कानावर जाईल. अटक ही आंदोलनाची एक पायरी असते. १९७९ च्या नामांतर लाँग मार्चमध्ये नागपूरहून औरंगाबादकडे निघालेल्या आपल्या माणसांना वाटेत अडवून हजारोंनी अटका झाल्या. लाठ्या बसल्या, माणसं दगावली. पण जे आत गेले ते बाहेर आले आणि पुढची पंधरा वर्षं, १४ जानेवारी १९९४ पर्यंत, लढत राहिले. त्यांच्यापैकी प्रत्येकाला पाच वर्षं विनाखटला कोंडलं असतं तर नामांतर झालं असतं का, याचा विचार करा.

सत्याग्रहींनी मोडलेला कायदा पुढे सरकारलाच बदलावा लागतो, याचाही पुरावा आपल्याच मराठवाड्यात आहे. गायरानावर आपल्या लोकांनी नांगर धरला तेव्हा ते 'अतिक्रमण' होतं, गुन्हा होता. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची हीच अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरलं. तारीख बघा, कोणाच्या जयंतीची आहे ती! काल ज्याला गुन्हेगार म्हणत होते त्याच्या नावावर आज सातबारा. लोकशाहीत हे असंच घडतं, घडायला हवं.

आता कायद्याकडे वळू. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, १९६७ सालचा. मूळ कायद्यात दहशतवाद हा विषयच नव्हता. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भाषण, सभा आणि संघटना या तिन्ही स्वातंत्र्यांवर 'देशाचे सार्वभौमत्व व अखंडता' या कारणाने निर्बंध घालायची सोय झाली. फुटीरतावादी संघटनांवर बंदी घालण्यासाठी त्यातून हा कायदा आला. दहशतवादासाठी वेगळे कायदे पुढे झाले. १९८५ चा टाडा आणि २००२ चा पोटा.

टाडा आला पंजाबच्या नावाने, पण तो सर्वाधिक वापरणाऱ्या राज्यांत गुजरात होतं, जिथे तेव्हा दहशतवादाची समस्याच नव्हती. साठ हजारांहून अधिक लोक देशभरात त्याखाली धरले गेले आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण नगण्य राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात तो वैध ठरवला खरा, पण लोकांचा रोष इतका होता की १९९५ मध्ये त्याची मुदत वाढवायची हिंमत सरकारला झाली नाही. पोटाचं तेच. तमिळनाडूत वायको या खासदाराला एका भाषणासाठी पोटाखाली वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात ठेवलं गेलं. २००४ मध्ये नव्या सरकारने निवडणुकीतलं आश्वासन पाळत पोटा रद्द केला.

इथे सगळे जण टाळ्या वाजवून घरी गेले. चळवळींचंही दुर्लक्ष झालं. कारण त्याच २००४ साली पोटातली दहशतवादाची कलमं उचलून यूएपीएमध्ये घातली गेली. टाडा आणि पोटा मुदतीचे होते, त्यांना ठरावीक काळाने संसदेसमोर यावं लागे. यूएपीए कायमचा आहे. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने येऊन घरमालक झाला. आणि ही दुरुस्ती करणारं सरकार काँग्रेस आघाडीचं होतं, हे आपल्या तरुणांनी नीट लक्षात ठेवावं. २००८ मध्ये मुंबई हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच त्याच सरकारने जामिनाची वाट बंद करणारी दुरुस्ती केली. २०१९ मध्ये भाजप सरकारने संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार घेतला. पाया एकाने घातला, मजले दुसऱ्याने चढवले.

२००८ च्या दुरुस्तीतलं कलम ४३ ड (५) हे या सगळ्याचं मर्म आहे. साध्या भाषेत सांगायचं तर असं. सर्वसाधारण गुन्ह्यात न्यायाधीश विचारतो की हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का? नसेल तर जामीन. यूएपीएच्या दहशतवादविषयक कलमांत न्यायाधीशाने पोलिसांची डायरी किंवा आरोपपत्र वाचायचं, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचाच नाही. एप्रिल २०१९ मध्ये वताली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यात भर घातली की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने चिकित्सा करायची नाही. म्हणजे पोलिसांनी जे लिहिलं तेच वाचून पोलिसांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचं. उलटतपासणी खटल्यात होईल, आणि खटला कधी सुरू होईल ते कुणी सांगू शकत नाही. आरोपपत्रासाठीच पोलिसांना १८० दिवस मिळू शकतात. व्याख्याही अशी सैल की बॉम्ब, बंदूक, विष यांची यादी देऊन झाल्यावर 'अन्य कोणत्याही प्रकारच्या साधनाने' असे शब्द जोडलेले. त्या शब्दांत काय काय बसवता येईल?

गृह मंत्रालयाने संसदेत दिलेले आकडे पाहा. २०१६ ते २०२० या पाच वर्षांत यूएपीएचे ५,०२७ गुन्हे आणि २४,१३४ माणसं. त्यांपैकी दोषी ठरले २१२, निर्दोष सुटले ३८६. बाकीचे हजारो ना दोषी, ना निर्दोष. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा शिक्षेच्या अनेक व्याख्या वाचल्या. निकालाशिवायची शिक्षा कोणत्या व्याख्येत बसते ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

पण थांबा. माणसाने काय केलं हे न पाहता तो कोण आहे यावरून त्याला आधीच संशयित ठरवण्याची पद्धत या देशात २००८ मध्ये जन्मली का? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी अशा जातीजमातींवर जन्मतःच शिक्का. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. त्यांना गुन्हेगार ठरवणारा आदेश न्यायालयात तपासून घ्यायची सोय नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण त्यामागची बुद्धी गेली नाही. जातिव्यवस्थेची बुद्धीच मुळात ती आहे. कर्म नंतर बघू, आधी जन्म सांग. त्या बुद्धीला आज 'अर्बन नक्षल' हा नवा शब्द सापडला आहे. कोणतंही कलम ज्याची व्याख्या करत नाही असा हा शब्द, पण टीव्हीवर तो उच्चारला की शेजारी बोलायचे थांबतात.

महाराष्ट्रात हा शिक्का आपल्यावर कसा येत गेला? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. विदर्भातला तरुण रस्त्यावर उतरला. त्याला उतरवलं कोणी? कोणत्याही पक्षाने नाही, पक्ष तर झोपले होते. पण तत्कालीन गृहमंत्र्यांनी या निदर्शनांमागे नक्षलवादी असल्याचा संशय जाहीरपणे व्यक्त केला. आपल्या बायालेकी मारल्या गेल्या तर आपण आपल्या बुद्धीने संतापूही शकत नाही, कुणीतरी आपल्याला भडकवावं लागतं, असं हे म्हणणं. (त्याच खैरलांजीच्या खटल्यात न्यायालयांना ॲट्रॉसिटी कायदा लावण्यासारखं काही दिसलं नाही, हे जाता जाता.)

२ जानेवारी २०११ ला 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना वर्ध्यात अटक झाली. ते एका आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतत होते. कलमं राजद्रोहाची आणि यूएपीएची. चाळीस महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या चाळीस महिन्यांची भरपाई? शून्य. चार वर्षांनी, ६ जून २०१८ ला, त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी एल्गार परिषद.

३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर अडीचशेच्या आसपास संघटनांची परिषद झाली, उघड्यावर, पोलिसांच्या देखत. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. २ जानेवारीला दाखल झालेल्या तक्रारीत मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांची नावं होती. एकबोटेंना मार्चमध्ये अटक झाली, एप्रिलमध्ये जामीन मिळाला. भिडेंना अटकच झाली नाही. ८ जानेवारीला दुसरी तक्रार झाली, परिषदेच्या आयोजकांवर. त्यात पुढे यूएपीए लागला, जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला आणि आरोपी सोळा झाले. वकील, प्राध्यापक, कवी, कबीर कला मंचचे गायक. बाबासाहेबांच्या नातीचे पती डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी शरणागती पत्करली ती १४ एप्रिल २०२० ला, जयंतीच्या दिवशी. जामिनावर बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. कोणी ठरवून केलं नसेल, पण कॅलेंडरलाही कधी कधी लाज वाटत असावी.

फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे असताना पकडले गेले. कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता म्हणून नळीचा कप मागितला, तर त्यावरही न्यायालयात तारीख पडली. ५ जुलै २०२१ ला ते कोठडीतच गेले. सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं होऊन गेली होती. साक्षीदार तीनशेहून अधिक होते आणि आरोपनिश्चिती झालेली नव्हती.

याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवा. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसं मेली. त्या प्रकरणी २००९ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप झाली आणि अपील प्रलंबित असताना त्याला जामीनही मिळाला. गुन्हा सिद्ध झालेला माणूस बाहेर, आरोपही निश्चित न झालेला माणूस आत. दुसरी गोष्ट, २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबई हल्ला. कसाबचा खटला उघडपणे चालला, त्याला वकील दिला गेला, शेकडो साक्षीदार तपासले गेले आणि मे २०१० मध्ये निकाल लागला. दीड वर्ष! म्हणजे खऱ्या दहशतवाद्याचा खटला चालवायचा ठरवलं तर या देशाची यंत्रणा चालवू शकते. "मग दहशतवाद्यांना मोकळं सोडायचं का?" असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर हेच आहे. खटला चालवा. आम्ही दुसरं काय मागतोय?

आता आपल्यातल्याच काही शहाण्यांचा युक्तिवाद. ते म्हणतात, प्रतिबंधात्मक स्थानबद्धता तर बाबासाहेबांनीच संविधानात घातली, आणि सत्याग्रह म्हणजे अराजकाचं व्याकरण असंही तेच म्हणाले. दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून जास्त घातक.

१५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम १५ अ मांडलं, आजचं कलम २२. त्याआधी जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमात 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द आल्याने सभासद नाराज होते. संसदेला मोकळं रान मिळालं, अशी तक्रार होती. बाबासाहेबांनी ही नाराजी मान्य केली आणि जे गमावलं त्याची भरपाई म्हणून हे कलम आणलं. अटकेचं कारण सांगा, वकील मिळू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. हे तर फौजदारी संहितेत होतंच, मग संविधानात कशाला, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं होतं की साधा कायदा कोणतंही विधिमंडळ बदलू शकतं, संविधानात घातलं की ते हक्क विधिमंडळाच्या हातून सुटतात. स्थानबद्धता तेव्हाच्या परिस्थितीत त्यांनी स्वीकारली, ज्या मंत्रिमंडळाने १९५० चा स्थानबद्धता कायदा केला त्यात ते होते, हे आम्ही लपवत नाही. पण त्यांनी तिला वेसण घातली. तीन महिन्यांच्या पुढे ठेवायचं तर न्यायाधीशाच्या पात्रतेच्या माणसांचं सल्लागार मंडळ हवं. बाबासाहेबांची स्थानबद्धता निदान तिचं खरं नाव सांगत होती. आजची यंत्रणा पाच-सहा वर्षं कोंडते आणि त्याला 'खटला प्रलंबित' म्हणते, मग तीन महिन्यांची वेसण लागूच होत नाही.

आणि ही वेसण आणखी आवळली गेली होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने तीन महिन्यांचे दोन केले. संसदेने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण ते अंमलात आणणारी अधिसूचना आजवर एकाही सरकारने काढलेली नाही. मोरारजींपासून मोदींपर्यंत एकानेही नाही.

अराजकाच्या व्याकरणाबद्दल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्या भाषणातलं वाक्य पूर्ण वाचा. संविधानिक मार्ग खुले असतील तर असंविधानिक मार्गांचं समर्थन होऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. मार्ग खुले 'असतील तर'! सभा, भाषण, मोर्चा, पत्रक, गाणं हे संविधानिक मार्ग नाहीत तर काय आहेत? शनिवारवाड्यावरची परिषद हा संविधानिक मार्गच होता. त्या मार्गावर यूएपीएचा नाका बसवणारा माणूस बाबासाहेबांचं ते वाक्य वापरत असेल, तर त्याने अर्धं वाक्य चोरलेलं आहे. आणि हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवून आणत होते, संपाचा हक्क म्हणजेच स्वातंत्र्याचा हक्क असं विधिमंडळात मांडत होते.

थोडं मिसाबद्दल. १९७१ चा हा कायदा आणीबाणीत विरोधकांवर वापरला गेला, १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कोंडलेल्यांना वाऱ्यावर सोडलं, आणि न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्या मिसाबंदींना आज महाराष्ट्र सरकार लोकशाहीचे लढवय्ये म्हणून मानधन देतं. द्यावं, आमची हरकत नाही. विनाखटला कोंडणं हा अन्याय आहे हे तत्त्व सरकारला मान्य आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आता ते तत्त्व २०१८ च्या अटकांना लावून दाखवा.

न्यायालयांतून अधूनमधून वारा येतो. २०२१ च्या नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खटला फार लांबला तर कलम २१ पुढे जामिनाची अट वितळते. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ तन्हा यांना जामीन देताना सरकारला सुनावलं की निदर्शनं आणि दहशतवाद यांतली रेषा पुसली जातेय. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दाखला म्हणून वापरू नका. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस प्रकरणात म्हटलं की घरात नुसतं साहित्य सापडणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. पण उमर खालिद सप्टेंबर २०२० मध्ये आत गेला आणि खटला सुरू न होता पाच वर्षं उलटली. कोणत्या न्यायाधीशासमोर फाईल जाते यावर माणसाचं तारुण्य अवलंबून असेल तर त्याला कायद्याचं राज्य म्हणायचं का?

उमरचं नाव घेतलं की आपल्या काही पोरांचा चेहरा बदलतो, हे आम्ही पाहिलंय. "तो त्यांचा प्रश्न." टाडा आला तेव्हा तो शिखांचा आणि मुसलमानांचा प्रश्न होता. गडचिरोलीत आणि बस्तरमध्ये तो आदिवासींचा प्रश्न होता. २०११ मध्ये तो वर्ध्याच्या स्टेशनवर आपल्यापर्यंत आला. कलम ४३ ड (५) ला जात कळत नाही, ते वापरणाऱ्याला कळते.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या, त्यांत आपल्याही अनेक संघटनांच्या होत्या. मूळ मसुद्यातले काही शब्द त्यामुळेच बदलावे लागले, आणि हे छोटं यश नाही. पण कायदा आला. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं ही त्यात बेकायदेशीर कृती आहे आणि सरकार संघटनेला बेकायदेशीर घोषित करू शकतं. रोख 'कडव्या डाव्या' संघटनांवर आहे असं सांगितलं जातं. कडवं कोण हे ठरवणार तेच, ज्यांना खैरलांजीच्या मोर्चात नक्षलवादी दिसले होते. १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह या व्याख्येत टाकून बघा. दादासाहेबांनी तीन लाख माणसांना काय सांगितलं होतं? सरकारी जमिनीत घुसा, अटक होऊ द्या.

म्हणून आमच्या मागण्या आम्ही तिथूनच मोजतो. कलम ४३ ड (५) रद्द करा. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीची थकलेली अधिसूचना काढा. निर्दोष सुटलेल्याला तुरुंगातल्या प्रत्येक महिन्याची भरपाई द्या, जशी मिसाबंदींना देता. आणि हे होईपर्यंत प्रत्येक तालुक्यात आपला एक वकील, एक जामीनदार आणि आत असलेल्यांच्या घरी दर महिन्याला जाणारी दोन माणसं एवढं तरी उभं करा. १४ एप्रिलच्या डीजेला जेवढी वर्गणी निघते तिच्या चौथ्या हिश्श्यात हे होतं. आमच्या तालुक्यापुरता हिशेब आम्ही करून पाहिला आहे.